मी परत लावते

दीक्षाने रेकॉर्डिंग थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा त्याच वाक्याच्या अलीकडे थांबवलं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. कानात वंदनाताईंचा आवाज यायचा, "थांब वं बाई, मी पाहते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग स्क्रीनवरचा आकडा सावकाश वाचून दाखवणारा तोच आवाज. त्याच्यानंतर एक वाक्य होतं. ते पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

पलीकडच्या टेबलावर जितेंद्र सर पोह्यांवर तर्री ओतत होते. नागपूरच्या मनीषनगरमध्ये एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर त्यांची ही छोटी कंपनी होती, आणि तिचा धंदा मोठा चमत्कारिक होता. लोक पैसे मोजून यांना आपल्याच घरी चोर म्हणून बोलवायचे. रीतसर करार व्हायचा, सह्या व्हायच्या, मग हे लोक त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दाखवायचे आणि कोणती खिडकी उघडी राहिली होती ते लिहून द्यायचे. शिरण्याच्या आधीची पायरी म्हणजे रेकी. घरफोडीच्या बातमीत असतो तोच शब्द. आत पाऊल न टाकता, बाहेर हिंडून-फिरून काय काय कळतं ते गोळा करायचं. दीक्षाचा त्यात हातखंडा होता.

"झाला का वं रिपोर्ट?" जितेंद्र सरांनी विचारलं.

"होऊन राहिला, सर."

"ते शेवटी तू जे टाकलं ना फोनवर, भल्लंच भारी. मले त सुचलंच नसतं."

दीक्षाने मान वर केली नाही. सर मनाने वाईट नव्हते. सुचलं असतं तरी त्यांना ते म्हणता आलं नसतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मीटिंगमधी हाच मुद्दा घेऊ. लोकाइले पटकन समजते."

"नको, सर."

"काहून?"

"नको. मी लिहिते बरोबर."

सरांनी खांदे उडवले आणि पोह्यांकडे लक्ष दिलं. दीक्षाने टाईप केलं : 'कर्मचाऱ्याचा विश्वास संपादन करून माहिती मिळवण्यात आली.' वाक्य स्वच्छ होतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही फारसं नव्हतं. तिने फाईल सेव्ह केली आणि पाणी प्यायला उठली.

काम होतं धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. रेकी सोपी निघाली, कारण अर्धीअधिक माहिती हॉस्पिटलनेच हौसेने मांडून ठेवली होती. नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की अमुक सॉफ्टवेअर येणाऱ्यास प्राधान्य, म्हणजे आत कोणतं सॉफ्टवेअर चालतं ते कळलं. ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीने आपल्या वेबसाईटवर ग्राहकांच्या यादीत हॉस्पिटलचं नाव अभिमानाने छापलं होतं. रिसेप्शनचा थेट नंबर तर गुगलवरच होता. एवढं सगळं कुणाचंही दार न वाजवता मिळालं.

मग तिला फेसबुकवर तो फोटो सापडला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवरची गर्दी, बाजूला पाण्याचा स्टॉल आणि स्टॉलवर रिसेप्शनच्या वंदनाताई. ड्युटीवरून तशाच आलेल्या असणार, कारण पांढऱ्या साडीवर हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यातच राहिलं होतं. एका म्हाताऱ्या बाईच्या ग्लासात वाकून पाणी ओतताना ते कार्ड बरोबर कॅमेऱ्यासमोर आलं होतं. फोटो मोठा केला की नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक, सगळं वाचता यायचं. अशाच स्टॉलवर दीक्षा लहानपणापासून पाणी पीत आली होती, बाबांचं बोट धरून, गर्दीत चप्पल हरवू नये म्हणून ती हातात घेऊन. तिने फोटो डाउनलोड केला आणि 'उपयुक्त' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला.

फोन करायची परवानगी करारात होती. काय करायचं नाही तेही लिहिलेलं होतं : धमकी द्यायची नाही, आजारपणाचं सोंग घ्यायचं नाही, कुणाच्या मुलाबाळांचं नाव काढायचं नाही. तिने पुण्याच्या कंपनीतून बोलतेय असं सांगितलं. अपडेट करायचा आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर दुरून काम करायच्या प्रोग्रॅमचा आकडा दिसतोय तेवढा वाचून दाखवा, म्हणाली. तो आकडा म्हणजे अर्धी किल्लीच होती.

"आमचे कॉम्प्युटरचे सर गुरुवारी येतात. त्यांनाच विचारा," वंदनाताई म्हणाल्या.

दीक्षाने घाई असल्याचं सांगितलं.

"नाही जी. मले नाही सांगता येत. रागावू नका."

दोनदा नाही म्हणाल्या. याहून चांगला पहारा कोण देणार होतं? इथे फोन ठेवला असता तर रिपोर्टमध्ये लिहिता आलं असतं की रिसेप्शन सावध आहे, शाबास. पण दीक्षाच्या समोर तो फोटो उघडा होता. हरायची तिला सवय नव्हती आणि पलीकडे जितेंद्र सर कान देऊन ऐकत होते.

"ठीक आहे, ताई. ठेवते," ती म्हणाली, आणि सहज म्हटल्यासारखं पुढे जोडलं, "जय भीम."

फोनवरचा आवाज बदलला.

"जय भीम. कुठल्या जी तुम्ही?"

"उमरेडची."

"पुण्याले नोकरी लागली?"

"हो ताई. नवीनच आहे. आज हे काम झालं नाही तर सर काढून टाकतील."

"थांब वं बाई, मी पाहते."

'तुम्ही'चं 'तू' झालं. उमरेड खरं होतं, जय भीमही खरं होतं, आणि या दोन खऱ्या गोष्टींच्या मागून तिने बाकीचं सगळं खोटं आत नेलं होतं. आकडा सांगून झाल्यावर वंदनाताई म्हणाल्या ते वाक्य असं होतं : "नोकरी सांभाळ बाई. आपल्या पोरी पुढं गेल्या पाहिजे." फोन ठेवताच जितेंद्र सरांनी टाळी दिली होती आणि दीक्षानेही हात पुढे केला होता. तो हात तिला नंतर कितीतरी वेळ नकोसा वाटत होता.

रविवारी ती उमरेडला गेली. तिचे बाबा धम्मानंद कोळसा खाणीतून निवृत्त झाले होते आणि आता दिवसभर फोनवर असायचे. कुणाचाही फोन आला तरी हॅलोच्या आधी जय भीम. गॅसवाल्यालाही जय भीम, आणि चुकून लागलेल्या फोनलाही. दीक्षाने त्यांना फोनवर कुणाला काही सांगायचं नाही म्हणून किती वेळा बजावलं होतं, त्याला काही हिशेब नव्हता.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमी अनोळखी माणसाले बी जय भीम काहून म्हणता?"

"का झालं म्हणलं तर?"

"तसं नाही. विचारून राहिली."

बाबांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला. "माह्या बापाले जोहार म्हणा लागे. वाकून. पाटलाच्या दारापासून दूर उभं राहून. मी लहान होतो तव्हा ते मले म्हणत, धम्मा, जय भीम म्हणाले वाका नाही लागत. ताठ उभं राहून म्हणता येते." ते हसले. "आता मी खुर्चीत बसून म्हणतो, एवढाच फरक."

"आन् कोणी आपलं काम काढाले म्हणलं तर? खोटं?"

"खोटं कोण म्हणीन वं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "शिव्या दिलेले ऐकले. जय भीम म्हणून कोणी चोरी केली, असं मी त नाही ऐकलं बाप्पा. तुले कोणी भेटलं का असं?"

"नाही," दीक्षा म्हणाली. तिने अजून एक भाकरी मागितली, भूक नसताना, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. बाबा ती खाऊन संपेपर्यंत कौतुकाने बघत बसले.

मीटिंग हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर झाली. व्यवस्थापक महादेवराव स्वभावाने मोकळे होते. त्यांनी आधी आलूबोंडे मागवले, मग रिपोर्ट उघडला. जाहिरातीचं ऐकून कपाळावर हात मारला, वेबसाईटचं ऐकून पुण्याच्या कंपनीला दोन शब्द सुनावले. फोनच्या पानावर येऊन ते थांबले.

"हा फोन रिसेप्शनवरच लावला असन ना?"

"आम्ही नावं देत नाही, सर," जितेंद्र सर म्हणाले. "चूक माणसाची नसते, पद्धतीची असते."

"ते बरोबर आहे. पण वेळ दुपारची लिहिली आहे, अन् दुपारी तिथं वंदनाबाईच असते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिले पुढच्या महिन्यात काउंटरची इन्चार्ज करून राहिलो होतो. जुनी बाई आहे, भरवशाची आहे, असं वाटत होतं. बरं झालं, आधीच कळलं."

दीक्षा मध्येच बोलली. "सर, त्या दोनदा नाही म्हणाल्या होत्या."

"हो का? मंग तिसऱ्यांदा का झालं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. खरं सांगायला दोन शब्द पुरे होते. पण ते दोन शब्द या टेबलावर ठेवले की त्यांचं काय होणार, हेही तिला दिसत होतं. कुणी हसलं असतं. कुणी म्हणालं असतं, अच्छा, असं आहे होय, या लोकांना तेवढं म्हटलं की झालं. एका वंदनाताईचा दोष मग सगळ्यांच्या माथी बसला असता, आणि काउंटरवर कुणाला बसवायचं आणि कुणाला नाही, याचं एक नवं कारण त्यांच्या हाती लागलं असतं. तिने स्वतःला हे सगळं समजावलं. समजावता समजावता तिला हेही कळत होतं की ती मुख्यतः स्वतःलाच वाचवतेय. जितेंद्र सर तोंड उघडणार तेवढ्यात ती घाईने बोलली.

"मी गोड बोलले, सर. विश्वास बसेल असं."

"गोड बोलल्यावर जर काउंटर उघडत असन, तर कठीण आहे," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

पुढचं सगळं चोख झालं. हॉस्पिटलने जाहिरातीतून सॉफ्टवेअरचं नाव काढलं. दुरून काम करायचा प्रोग्रॅम बंद झाला. पुण्याच्या लोकांना काम असलं की आधी ईमेल, मग ठरलेल्या वेळी परवानगी. ओळखपत्र हॉस्पिटलच्या दारातच काढून ठेवायचं, फोटोत येऊ द्यायचं नाही, असा नियम झाला. प्रत्येक फोनशेजारी ज्यांना माहिती द्यायची त्यांचे खरे नंबर चिकटवले गेले. आणि काउंटरची इन्चार्ज म्हणून रितिका नावाची मुलगी नेमली गेली, जिला वंदनाताईंनीच काम शिकवलं होतं. हे दीक्षाला कळलं ते प्रशिक्षणाच्या दिवशी, कारण दारात तिचं स्वागत रितिकानेच केलं.

प्रशिक्षण कॅन्टीनमध्ये होतं. नर्सेस, वॉर्डबॉय, हिशेबाची माणसं, सगळे दाटीवाटीने बसले होते. वंदनाताई मागच्या रांगेत खिडकीपाशी होत्या. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होत्या. दीक्षा माईकवर "नमस्कार, मी दीक्षा" एवढंच बोलली आणि वंदनाताईंनी चटकन मान वर केली. आवाज ओळखायला फोटो मोठा करावा लागत नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि दीक्षा पुढचा सगळा वेळ उजवीकडच्या भिंतीशी बोलत राहिली.

तिने शिकवलं ते नेहमीचंच. आपण बाहेर काय मांडून ठेवतो ते बघा. फोनवर घाई करणाऱ्यावर आधी शंका घ्या. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणी हात वर करेना. मग खिडकीपाशी एक हात वर झाला आणि वंदनाताई उभ्या राहिल्या.

"मॅडम, समोरचा खरा का खोटा, हे फोनवर कसं वळखायचं?"

"ओळखायचंच नाही," दीक्षा म्हणाली. भिंतीकडे बघून हे उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. "म्हणायचं, मी परत लावते. फोन ठेवायचा. आणि आपल्याकडे जो नंबर असेल त्याच्यावर आपण लावायचा."

"आन् तो खरंच आपला माणूस असला तर? त्याले वाईट नाही वाटणार?"

कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. रितिका तर तो प्रश्न लिहून घेत होती.

"खरंच आपला असेल," दीक्षा म्हणाली, "तर त्याला वाईट वाटणार नाही."

वंदनाताई मान डोलावून खाली बसल्या. टाळ्या झाल्या. दीक्षा लॅपटॉप आवरून सरळ महादेवरावांच्या केबिनकडे गेली. आज सांगायचं, जे व्हायचं ते होऊ दे, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. दार अर्धं उघडं होतं. ते फोनवर होते; तिला बघून त्यांनी अंगठा वर केला, झकास झालं अशी खूण केली आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. ती थोडा वेळ उंबऱ्यात थांबली. मग हात जोडून, कुणी बघत नसताना, परत फिरली.

खाली काउंटरवर वंदनाताई आपल्या जागेवर येऊन बसल्या होत्या. व्हिजिटरचा पास तिथेच परत द्यायचा होता. दीक्षाने तो गळ्यातून काढला आणि काचेच्या फटीतून आत सरकवला. वंदनाताईंनी तो उलटसुलट बघितला, ट्रेमध्ये ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी दीक्षाला हलकं वाटलं असतं. "माझ्यामुळे तुमचं..." एवढं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"जय भीम, ताई," ती म्हणाली.

वंदनाताईंनी शेजारचा कोरा कागद ओढला, त्यावर पेन ठेवलं आणि दोन्ही फटीतून बाहेर सरकवलं.

"नंबर ठेवून जा, मॅडम. मी परत लावते."

आवाज अगदी नीट होता, शिकवल्याप्रमाणे. दीक्षाने नंबर लिहिला. त्यातला सातचा आकडा कुणी एक असा वाचू नये म्हणून पुन्हा गिरवला, खाली नाव लिहिलं आणि नावाखाली उमरेड लिहिलं. वंदनाताईंनी कागदाची घडी केली. ती घडी पर्समध्ये गेली की काउंटरखालच्या टोपलीत, हे काचेच्या अलीकडून दिसत नव्हतं.

दीक्षाच्या मागे एक म्हातारा उभा होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी. त्याने एका डोळ्याने चाचपडत काच शोधली.

"जय भीम, बाई."

"जय भीम, बाबा!" वंदनाताई उठूनच उभ्या राहिल्या. "या, इकडून या. पायरी आहे, सांभाळा. पाणी देऊ का?"

दीक्षा बाहेर स्कूटरपाशी आली. खरंच आपला असेल तर त्याला वाईट वाटणार नाही, असं आत्ताच ती सगळ्यांसमोर माईकवर सांगून आली होती. तिला वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. तिने फोनचा आवाज पूर्ण वाढवला. हेल्मेट घातलं की रिंग ऐकू येत नाही, म्हणून ते हातातच धरून ती तिथे उभी राहिली.